घडीच्या जुन्या कॅम्परच्या भिंतींत ओल शिरली आहे, आपल्या हवेत दुरुस्ती कशी करावी?

भटकी पेटी

मंडळी, गोव्यातल्या पेडण्याहून लिहितोय. आमच्याकडे घडीचा कॅम्पर आहे. कापडी तंबूचा नव्हे, कडक भिंतींचा. बंद असला की कमरेएवढ्या उंचीची पेटी, जीपमागे ओढायची. उघडला की छप्पर वर जातं आणि आत आडव्या निजलेल्या भिंती एकेक करून उभ्या राहतात. फ्रान्सच्या रापिदो कंपनीने १९६१पासून अशा गाड्या बनवल्या, त्याच धर्तीवर घाटावरच्या एका कार्यशाळेत वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी हा बनवून घेतला होता. आम्ही तो सात वर्षांपूर्वी घेतला. मुलं यातच चोर्ल्याला, तिळारीला, मोल्याला झोपून लहानाची मोठी झाली.

भिंत अशी आहे: बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत मऊ पांढऱ्या लाकडाच्या पट्ट्यांची चौकट, चौकटीच्या खणांत थर्माकोल आणि आतल्या अंगाला पातळ प्लाय. सगळं मिळून जाडी जेमतेम २५ मिमी.

गेल्या दिवाळीत डाव्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तपकिरी डाग दिसला. एका फर्निचरवाल्याला दाखवला. त्याने डागावरच ६ मिमीचा नवा प्लाय चिकटवून कडेने सिलिकॉन मारून दिलं. दिसायला छान झालं होतं. काल पावसाने दोन तास उघडीप दिली म्हणून कॅम्पर उघडला, तर कुबट वासाने आत उभं राहवेना. नवा प्लाय फुगून उचलला गेलाय. मागच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो थेट बाहेरच्या पत्र्यापर्यंत आत गेला. जोर लावला नव्हता, नुसता टेकवला होता. बोटाने खरवडलं तर लाकूड भिजलेल्या पोह्यांसारखं हातात आलं. समोरच्या उजव्या भिंतीवरही आता पुसट डाग आहे.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी निदान एक भिंत उरकावी असा विचार आहे. कुणी हे काम केलंय का?

सत्तरीकर

भाई, आधी एक कळकळीची विनंती. चवथीच्या आधी काहीही बंद करू नका. नवा प्लाय नको, रंग नको, सिलिकॉन तर नकोच.

मी वाळपईला दोन जुन्या व्हॅनच्या बॉड्या केल्यात, त्यावरून सांगतो. परदेशी लोकांच्या व्हिडिओत सांगतात की लाकडाची ओल १५ टक्क्यांच्या खाली आणा, मग भिंत बंद करा. सांगणं बरोबर आहे, पण ते त्यांच्या हवेतलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ८५-९० टक्के दमट असते. तसल्या हवेत चांगलं, निरोगी लाकूडसुद्धा १८-२० टक्क्यांवर येऊन थांबतं, कारण लाकूड हवेशी बरोबरी करतं. पंखा लावा, बल्ब लावा, खिडकी उघडी असेपर्यंत ते त्याच्या खाली येणार नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वरची ओल लागते. म्हणजे आत्ता भिंत बंद केली तर तिला हवं ते सगळं तुम्हीच आत भरून ठेवल्यासारखं होईल. डिसेंबर-जानेवारीत तेच लाकूड आपसूक १२-१४ वर उतरतं. काम तेव्हाचं.

आत्ता करायचं ते एवढंच: उघडा, कुजलेलं काढा, पाणी कुठून येतं ते शोधा. शेवटचं काम पावसात सोपं होतं. हिवाळ्यात गळती लवकर सापडत नाही.

काजूबाग

आमच्याकडे होड्यांना आणि मांगराच्या (शेतातल्या खोपीच्या) वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायचे. वाळवी आणि ओल दोन्ही लांब राहायची. चौकटीला तेच पाजलं तर?

शापोऱ्याची होडी

काजूबाग, तेल गुणाचं आहे यात वाद नाही. आमच्या घरच्या जुन्या लाकडी होडीला आजोबा दरवर्षी लावत. पण ती होडी खिळ्यांनी आणि दोऱ्यांनी धरलेली असायची. कॅम्परची भिंत गोंदावर उभी असते, आणि तेल प्यायलेल्या लाकडाला इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा कडक गोंद) धरत नाही, प्लायचा गोंदही धरत नाही. शिवाय कातडी भाजतं ते वेगळंच. बंद खोलीत त्यावर झोपायचंय हेही बघा.

अजून एक गोष्ट, ही बऱ्याच जणांना माहीत नसते. बाजारात मिळणारी तांबंयुक्त लाकूडरक्षकं, हिरवट रंगाची, ॲल्युमिनियमला लागून वापरू नका. तांबं ॲल्युमिनियमला खातं. तुमच्या भिंतीत पट्टी थेट पत्र्याला टेकलेली आहे. त्यापेक्षा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन हात पाजा. बुरशी आणि वाळवी दोन्हींवर चालतं, पत्र्याला काही करत नाही. फक्त ते पाण्याने धुऊन जातं, म्हणून गळती बंद झाल्यावरच त्याचा उपयोग.

भटकी पेटी

सत्तरीकर, मन घट्ट करून तुमचं ऐकलं. चवथीचा हट्ट सोडला.

रविवारी पत्नी आत बॅटरी घेऊन बसली आणि मी बाहेर तांब्याने पाणी घालत गेलो. आतल्या अंगाला आधी टाल्कम पावडर मारून ठेवली होती, म्हणजे थेंब उतरला की त्याची वाट उमटते. पाणी खालून वर ओतत गेलो. आधी तळाची कड, दहा मिनिटं थांबलो, मग खिडकीची खालची बाजू, परत थांबलो, मग बिजागरीची रेघ. वरून सुरुवात केली असती तर पाणी सगळीकडून ओघळलं असतं आणि काहीच कळलं नसतं.

तळाशी काही नाही. खिडकीशी काही नाही. भिंतीच्या वरच्या कडेला ॲल्युमिनियमची जी पट्टी स्क्रूने बसवली आहे तिथे पाणी घातलं, आणि तीन मिनिटांत आतून हाक आली. डाग खाली आणि भोक वर! पाणी स्क्रूच्या भोकातून चौकटीत शिरतं, उभ्या पट्टीच्या कडेने खाली उतरतं आणि तळाच्या आडव्या पट्टीवर साचून राहतं. आम्ही वर्षभर जिथे डाग तिथेच औषध लावत होतो.

दुसरी वाट सापडली ती जास्त लागली मनाला. त्या ६ मिमीच्या प्लायमुळे डावी भिंत जाड झाली आहे. घडी घातली की छप्पर तिच्यावर टेकतं आणि पुढच्या बाजूला फट बुजवणाऱ्या रबरी पट्टीपाशी, म्हणजे गॅस्केटपाशी, अख्खं बोट जाईल एवढी फट राहते. म्हणजे मे महिन्यात आम्ही कॅम्पर बंद करून, वर ताडपत्री बांधून निर्धास्त झालो, तेव्हापासून पाणी आत जातंय. समोरच्या भिंतीचा डाग त्यातलाच.

मेस्ताचा नातू

ही फट वाचून वाईट वाटलं. घडीच्या गाडीत हीच गोष्ट सगळ्यात आधी बघायची असते. साध्या कॅराव्हॅनची भिंत दोन-चार मिमी जाड झाली तर कुणाला कळतही नाही, पण इथे प्रत्येक भिंत दुसरीवर निजते. म्हणून जुना प्लाय जिथे निरोगी आहे तिथला तुकडा काढून कॅलिपरने मोजा आणि तेवढाच घ्या. ३ मिमी असेल तर ३, ४ असेल तर ४. वजनाचंही बघा: आठ बाय चारचा ६ मिमीचा ताव साधारण साडेअकरा किलो भरतो, ४ मिमीचा पावणेआठ. वर उचलायच्या भिंतीत तो फरक बिजागऱ्यांवर येतो.

प्लाय मरीनच (पाण्यात टिकणारा) घ्या. तावावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. त्याच्या गोंदाची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे, घेऊन जा' म्हणेल. शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. प्लाय पाणी पितो तो कडेनेच.

चौकटीचं सांगतो. पूर्ण पट्टी बदलायची गरज नसते. स्क्रूड्रायव्हर टोचत जा, जिथे टणक लागेल तिथून वर आणखी वीतभर निरोगी लाकूड सोडून कापा. नवा तुकडा तिरपा सांधा करून जोडा. जाडीच्या आठपट लांबीचा उतार द्या, म्हणजे २० मिमीच्या पट्टीला १६० मिमी. माझे आजोबा हा सांधा रंध्यानेच उतरवायचे, दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून, दोघांचा उतार एकदम. अजून तरी यापेक्षा नेमकी पद्धत मी पाहिली नाही. समोरासमोर ठोकून जोडलेली पट्टी पहिल्याच घाटात सुटते.

लाकूड कुठलं? जुना, वाळलेला सागवान मिळाला तर सोनं, पण इपॉक्सी लावण्याआधी ॲसिटोनने पुसा. सागाला स्वतःचं तेल असतं.

दोनापावलाची

मी सहज विचारते, इतका खटाटोप करण्यापेक्षा नवीन तंबूवाला ट्रेलर नाही का परवडणार?

भटकी पेटी

ताई, परवडेल कदाचित. पण याच्या दाराच्या आतल्या बाजूला मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत, प्रत्येक सहलीच्या तारखेसकट. त्या दाराला अजून ओल लागलेली नाही. ती लागायच्या आत हे काम व्हावं एवढंच वाटतं.

रानवाट

भटकी पेटी, हिवाळा येईपर्यंत कॅम्पर कसा ठेवायचा ते मी सांगते, कारण माझा आठ पावसाळे टिकलाय. ताडपत्री अंगाला चिकटवून बांधू नका. दिवसा ऊन पडलं की आतली वाफ ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन परत कॅम्परवरच पडते. बाहेरून कोरडं दिसतं, आत वाफारा. वर पत्र्याची उतरती शेड, चारी बाजूंनी निदान हातभर मोकळी जागा. आणि वाऱ्याच्या बाजूला आम्ही चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) झाप बांधतो, जुन्या मातीच्या घरांच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी बांधायचे तसेच. झाप पाण्याचा मारा अडवतो आणि वाऱ्याला वाट देतो. प्लास्टिकला हे जमत नाही. पुरुमेताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी उरकली की आमच्याकडे दुसरं काम झाप विणून घ्यायचं.

घडी पूर्ण बंद ठेवू नका. छप्पर चार बोटं उचलून खाली लाकडी ठोकळे द्या. गाद्या घरात. कपाटात बल्ब लावतो तसा एक बल्ब आत लावला तरी बुरशी कमी धरते, पण गादीपासून आणि पडद्यांपासून लांब, आणि घरात कुणी असतानाच. शेडमध्ये वीज नसेल तर राहू दे, वारा जास्त महत्त्वाचा.

भटकी पेटी

चवथ झाली, विसर्जनही झालं. रानवाटताई, झाप बांधलेत, शेड मोठी केली. वास अर्ध्यावर आलाय.

म्हापशाहून दोन सुयांचा ओल मोजायचा मीटर आणला. तळाच्या पट्टीवर ३४. मधल्या उभ्या पट्टीवर २६. घाबरून घरातल्या जुन्या सागवानी दारावर लावून पाहिला तर तिथेही १८! तेव्हा सत्तरीकरांचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. आता दर रविवारी एकाच वेळी दार आणि चौकट दोन्ही मोजतो आणि वहीत लिहितो. दाराच्या आकड्याच्या जवळ चौकट आली की ती वाळली म्हणायची.

सत्तरीकर

पद्धत एकदम योग्य. फक्त लक्षात ठेवा, तुम्ही समुद्राजवळ आहात. लाकडात खार बसला असेल तर सुयांचा मीटर खरं त्यापेक्षा जास्त दाखवतो. पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसून, दोन दिवस सोडून मोजा.

शापोऱ्याची होडी

नोव्हेंबर लागला, आता माझं सांगतो.

सगळ्यात वेळखाऊ काम आहे सिलिकॉन काढण्याचं. तो राहिला तर त्याच्यावर रंग, टेप, गोंद काहीच धरत नाही. आणि जो व्हिनेगरसारखा वास मारतो तो सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतो, ॲल्युमिनियमला ते सोसत नाही. प्लास्टिकच्या पात्याने खरवडा, मग स्पिरिटने पुसा, मग परत खरवडा. दोन संध्याकाळी जातील, जाऊ द्या.

वरच्या कडेच्या पट्टीखाली ब्युटाइल टेप टाका, कधीच कडक न होणारा. स्क्रू एकदम आवळू नका. अर्धे आवळा, दुसऱ्या दिवशी टेप पसरलेला असतो तेव्हा पूर्ण आवळा, बाहेर आलेली कड प्लास्टिकने कापा. लोखंडी स्क्रू एकही परत वापरू नका. खाऱ्या हवेत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की पांढरी भुकटी होते ती तुम्ही पाहिलीच असेल. ३१६ स्टेनलेसचे घ्या, आणि प्रत्येकाच्या मानेला सीलंटचा ठिपका द्या. पत्र्याची आतली बाजू घासायला तारेचा काथ्या नको, त्याचे कण अडकून गंजतात. नायलॉनचा घ्या.

बिजागरीची भोकं सैल झाली असतील तर मोठी करून इपॉक्सीने भरा, सुकल्यावर नवीन भोक पाडा. होडीत आम्ही असंच करतो. मग पाणी स्क्रूच्या बाजूने आलं तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

इपॉक्सी सकाळी लवकर कालवा, वाटीवाटीने. आपल्या उन्हात मोठा डबा कालवला तर हातातच उकळतो. दमट दिवशी वर तेलकट पांढुरका थर येतो, तो साध्या पाण्याने घासून धुतल्याशिवाय दुसरा हात मारायचा नाही.

मेस्ताचा नातू

थर्माकोलचं राहिलं. फर्निचरला वापरतो तो वासाचा पिवळा रबरी गोंद थर्माकोलला लागला की थर्माकोल विरघळतो. लावून दहा मिनिटांनी बघा, खड्डा पडलेला असतो. आणि फवारायचा फोम तर भरूच नका, तो फुगताना पातळ पत्र्याला बाहेर पोट आणतो आणि ते पोट परत आत जात नाही. थर्माकोल नेमका कापून कोरडाच बसवा, किंवा पॉलियुरेथेन गोंद लावा.

भटकी पेटी

आज संक्रांत. थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणाला तरी लागेल.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घरचं दार १३ वर आलं आणि चौकट १५ वर. त्या दिवशी काम सुरू केलं. डाव्या भिंतीचा आतला प्लाय खिडकीच्या खालून पूर्ण काढला. मूळ प्लाय ४ मिमीचा निघाला. तळाची आडवी पट्टी सगळी गेलेली, दोन उभ्या पट्ट्या खालून हातभर गेलेल्या. पट्टी काढताना पत्र्याला चिकटलेली पांढरी भुकटी पिठासारखी खाली पडत होती. मास्क लावला होता म्हणून बरं, त्यात काळी बुरशीही होती.

तिरपे सांधे मला एकट्याला जमले नसते. गावातल्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, घरी बोलावलं. त्यांनी इथली चर्चा मुलाच्या फोनवरून ऐकली, रंधा हातात घेतला आणि दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून उतार उतरवला, नातूंनी लिहिलं तसाच. मी विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं? म्हणाले, "होडीचं काम बघत वाढलो." सांधा जोडून, दोन दिवस आवळून ठेवून सोडला. बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते नजरेलाच कळतं, बोटाला नाही.

बोरॅक्स पाजून आठवडाभर वाळू दिलं, मग इपॉक्सी, मग थर्माकोल, मग प्लाय. प्लायच्या चारी कडा आधीच इपॉक्सीत बुडवून घेतल्या. गॅस्केट नवीन ईपीडीएम रबराचं, गाड्यांच्या काचांचं रबर विकणाऱ्या दुकानात मीटरवर मिळालं. जुनं इतकं कडक झालं होतं की वाकवताना तुटलं.

आणि काल संध्याकाळी घडी घातली. छप्पर खाली बसताना जो आवाज येतो, तो दोन वर्षांत आला नव्हता. कागदाची पट्टी गॅस्केटमध्ये धरून चारी बाजूंनी ओढून पाहिली. सगळीकडे अडकते. एका जागी, मागच्या उजव्या कोपऱ्यात, अजून सहज निसटते.

उजव्या भिंतीचा वरचा भाग तेवढा राहिलाय. तिथे मीटर १९ दाखवतोय, दार १३. ती भिंत मी बंद करणार नाही. फेब्रुवारीपर्यंत उघडीच ठेवतो. कुणाकडे ४ मिमी मरीन प्लायचा दोन फूट बाय दीड फुटाचा तुकडा उरला असेल तर कळवा, अख्खा ताव घ्यायला लागू नये.

रानवाट

आहे माझ्याकडे, दोन बाय दोनचा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतेय, सकाळी मासळीच्या अंगाला नसेन, केळीवाल्यांकडे या. आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात गॅस्केटखाली रबराची पातळ पट्टी घालून बघा, माझ्याकडेही तोच कोपरा त्रास देत होता.